बर्फातली सुट्टी : गाव निवडताना

मैत्रिणींनो, बर्फासाठी परदेशी जायचे ही पूर्वी सिनेमातली गोष्ट वाटायची. आता आमच्या कोल्हारसारख्या गावातली मुलेही नोकरीनिमित्त तिकडे आहेत, आणि "आई, यंदा बर्फात या" असे फोन येतात. परवा शेजारच्या वहिनींना म्युनिकहून मुलाचा असाच फोन आला. नाताळात ऑस्ट्रियात सेंट आंटनला जाऊ म्हणाला. वहिनी सांगायला आल्या, पण चेहरा काही खुललेला नव्हता.

"माझे गुडघे हे असे! ती दोघं दिवसभर बर्फावर घसरणार, नात शिकवणीला जाणार. मी एवढ्या लांब जाऊन खोलीतच बसू का हो?"

त्यांचे खरेच होते. सेंट आंटनचे नाव मोठे, पण ते मुरलेल्या स्कीवाल्यांचे गाव. मग आम्ही दोघींनी कागदावर तीन प्रश्न लिहिले. तुम्हीही लिहा.

महिना कोणता? आम्ही एकदा मे महिन्यात मनालीहून रोहतांगला गेलो होतो. निम्मा दिवस घाटात गेला, भाड्याचे गमबूट ओले निघाले आणि बर्फ दिसला तो मळका! आल्प्सचेही तसेच. तिथला हंगाम साधारण डिसेंबर ते एप्रिल. मेमध्ये झर्माट, हिंटरटुक्स अशा हिमनदीच्या जागा सोडल्या तर बहुतेक उतार बंद. मुलांच्या मेच्या सुट्टीतच जायचे असेल तर हे आधी ध्यानात घ्या. न्यूझीलंडचा हंगाम मात्र जून ते सप्टेंबर. नाताळात सगळीकडे गर्दी आणि भावही चढे. जानेवारीत नवे वर्ष उलटले की दोन्ही उतरतात. वहिनींना पौषातली भगवतीची यात्राही चुकवायची नव्हती. नात चार वर्षांची, बालवाडीत. म्हणून यात्रेनंतरचा आठवडा ठरला.

गाव किती उंचावर? झर्माट गावच जवळजवळ आपल्या कळसूबाईच्या शिखराएवढ्या उंचीवर आहे आणि घसरायला त्याच्याही पुष्कळ वर जातात. जर्मनीतले झुगस्पिट्झ तर २,९६२ मीटर. घरात रक्तदाबाचे, हृदयाचे माणूस असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एवढ्या उंचावर नेऊ नये.

न घसरणारी माणसे काय करतील? हा प्रश्न कोणी विचारतच नाही! ऑस्ट्रियातले झेफेल्ड सुमारे १,२०० मीटरवर, आपल्या महाबळेश्वरहून थोडे कमीच, आणि पठारावर वसलेले. तिथे बर्फातून चालायच्या सपाट वाटा आहेत, घोड्याची गाडी आहे, लहान मुलांची स्की-शाळा आहे. म्युनिकहून गार्मिशमार्गे आगगाडीने जाता येते.

वहिनींनी धीर करून मुलाला हे सगळे सांगितले. तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "आई, आधी का नाही बोललीस?"

आता तयारीचे. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. मोठ्या माणसाला ९० युरो शुल्क पडते. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. पुष्कळ विम्यांत स्कीवरची मोडतोड धरलेली नसते. घसरणाऱ्यांसाठी ते कलम वेगळे घ्यावे. स्की आणि बूट तिथे भाड्याने मिळतात, विकत घेऊ नका. अंगालगत सुती कपडा नको. तो घामाने ओला होतो आणि थंडी वाजते. आत लोकरीचे किंवा थर्मल, मध्ये स्वेटर, वर पाणी न झिरपणारा कोट. चुरचुरीत ऊन बर्फावरून तोंडावर येते, म्हणून काळा चष्मा आणि मलम हवेच.

राहायला स्वयंपाकघर असलेली जागा पाहिली तर खर्च वाचतो. भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी न्या. पण साजूक तूप, पेढे नकोत. आपल्याकडून दुधाचे पदार्थ तिकडे न्यायला बंदी आहे. वहिनींचा तुपाचा डबा मी स्वतः पिशवीतून काढून ठेवला!

तर मैत्रिणींनो, नाव मोठे पाहू नका. दुपारचे जेवण सगळ्यांना एका टेबलाशी घेता येईल, असे गाव पाहा. आणि आपल्याला काय झेपते ते मुलांना मोकळेपणाने सांगा.