खेळाआधी शिक्षकांची तयारी

मलेशियात २०२७ पासून नवा शालेय अभ्यासक्रम येत आहे. त्यात मलय वाचन आनंददायी पद्धतीने शिकवण्याचा आग्रह धरण्यापूर्वी शिक्षकांची तयारी करून घेतलीच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गाणी, शब्दपत्ते, नाट्यीकरण ही साधने मोलाची आहेत. २०११च्या अभ्यासक्रमातही त्यांना स्थान होतेच. मलय वाचनाची सुरुवात सोपी असते. 'बु-कु' (पुस्तक) अशी अक्षरे जोडत मूल लवकर वाचू लागते. खरी अडचण पुढे येते. 'बाचा' (वाचणे) या मूळ शब्दापासून 'मेंबाचा', 'पेंबाचा', 'बाचाआन' अशी रूपे होतात, तेव्हा अडखळलेल्या मुलाला नेमका कोणता खेळ द्यायचा, हे शिक्षकाला ठाऊक हवे. ते नसेल तर वर्ग रमतो, टाळ्या वाजतात आणि वाचन होते तिथेच राहते.

याचा फटका तमिळ आणि चिनी माध्यमाच्या प्राथमिक शाळांतील मुलांना आधी बसेल. त्यांपैकी अनेकांच्या घरी मलय बोलली जात नाही. सरकारी माध्यमिक शाळेत मात्र तीच शिक्षणाची भाषा. तिच्यात कच्च्या राहिलेल्या मुलांना तिथे पूर्वतयारीच्या वर्गात एक वर्ष काढावे लागते. शिक्षकांच्या अपुऱ्या प्रशिक्षणाची किंमत मुलांनी मोजावी, हा अन्याय आहे.

शिक्षण मंत्रालयाने एखाद-दुसऱ्या दिवसाच्या शिबिरावर भागवू नये. अभ्यासक्रम वर्गात पोहोचण्याआधी शिक्षकांना प्रत्यक्ष सराव, पुरेसे साहित्य आणि तयारीसाठी कामाच्या वेळेतलाच वेळ द्यावा.