बंबात मनीप्लांट

स्वयंपाकघरातून, न्हाणीघरातून आणि माळ्यावरून निवृत्त झालेल्या भांड्याकुंड्यांना अंगणात जागा देऊन त्यांची शोभा करणे, हा आता बागकामाचा एक रीतसर प्रकार झाला आहे. यावलसारख्या गावात जुनं धाब्याचं घर पाडून स्लॅबचं बांधलं की त्याची गरज आपोआप पडते. तांब्याचा बंब, दगडी जातं, पाटा, उखळ, रांजण, मांड्यांचं खापर, पत्र्याची ट्रंक, यांचं करायचं काय? मोडीत घालायला जीव होत नाही आणि नव्या घरात कोपरा उरलेला नसतो. उरते ती गेटाजवळची दोन हात माती.

या कलेचं सर्वांत मोठं उदाहरण चंदीगडचं रॉक गार्डन. सार्वजनिक बांधकाम खात्यातले रस्ते निरीक्षक नेकचंद यांनी 1957 पासून सरकारी जंगलाच्या जागेत गुपचूप फुटक्या बांगड्या, कपबश्या, फरश्या आणि वॉशबेसिनं रचून माणसं-प्राणी घडवले. 1976 मध्ये बाग लोकांसाठी खुली झाली आणि 1984 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. यावल तालुक्याला मात्र सौंदर्यासाठी चंदीगडपर्यंत जायचं कारण नाही. डिसेंबर 1936 मध्ये तालुक्यातल्याच फैजपूरला काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं, तेव्हा गांधीजींच्या सांगण्यावरून चित्रकार नंदलाल बोस यांनी अधिवेशनस्थळ टिळकनगर बांबू आणि गावच्याच साहित्यातून सजवलं होतं. ऑइलपेंटचा एक डबाही न उघडता देखणं काही उभं राहू शकतं, हे तालुक्याने नव्वद वर्षांपूर्वी पाहिलेलं आहे.

यात मातीच्या वस्तू सर्वांत सोयीच्या. माठ जुना झाला की त्याची छिद्रं पाण्यातल्या क्षारांनी बुजतात, पाणी गार होत नाही आणि माठ स्वयंपाकघरातून बाद होतो. झाडाला त्याने काही बिघडत नाही. मांड्यांचं खापर तर जन्मभर चुलीवर पालथं बसलेलं असतं. बागेत ते पहिल्यांदाच उताणं होतं आणि उथळ, रुंद कुंडी तयार होते. ऑफिस टाइम किंवा कोरफड त्यात छान धरते. तळाला भोक पाडताना भांडं रात्रभर पाण्यात भिजवून बारीक ड्रिल हळू फिरवावं. हातोडी-खिळा घेतला तर दोन कुंड्या होतात, पण अर्ध्या-अर्ध्या.

धातूचं प्रकरण वेगळं. जिथे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तिथे उन्हात ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यात मुळं अक्षरशः शिजतात. तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यातली सदाफुली जानेवारीत फोटोपुरती बरी दिसते, एवढंच. बंबाची रचना मात्र बागेला अनुकूल आहे. मधल्या नळकांड्याच्या तळाशी निखाऱ्यांची जाळी असते, त्यामुळे पाण्याचा निचरा आयताच होतो. तांबं मुळांना मानवत नाही. केळीवर बोर्डो मिश्रण फवारणाऱ्या शेतकऱ्याला तांब्याची ताकद सांगायला नको. म्हणून रोप स्वतंत्र कुंडीत किंवा पिशवीत लावून ती आत सोडावी आणि बंब भिंतीच्या सावलीला ठेवावा. मनीप्लांटला एवढं पुरतं.

बंबाला चंदेरी रंग देण्याची पद्धत मात्र समजण्यापलीकडची आहे. तांबं उघड्यावर राहिलं की आधी तपकिरी होतं, मग हिरवट. त्या रंगाला पैसे पडत नाहीत. घरात शिल्लक असलेला जुना रंग वापरणाऱ्यांनी आणखी एक पाहावं: घरगुती रंगांतल्या शिशावर दशलक्ष भागांत 90 भागांची मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून आली. त्याआधीचा डबा माळ्यावर सापडला तर तो कोथिंबिरीच्या कुंडीला लावू नये.

दगडाच्या वस्तूंना ऊन, पाऊस, काळ काहीच बाधत नाही. पाटा पायरी होतो, उखळाची कुंडी होते. प्रश्न जात्याचा आहे. जात्याच्या दोन्ही तळ्या मधोमध भोक असलेल्या, गोल, सपाट. त्यामुळे गेटापासून दारापर्यंतच्या पायवाटेत त्या सिमेंटने बसवायचा मोह कारागिराला आवरत नाही. दिसायलाही बरं दिसतं. मग घरात लग्न निघतं. हळदीच्या आधी जातं पूजायचं असतं, त्याला सुपारी-आंब्याची पानं बांधायची असतात, पाच सवाष्णींनी हात लावून हळद दळायची असते. गिरणीत दळलेली हळद पुडीत तयार असते हे खरं, पण दोन फेरे तरी जात्याचेच लागतात. अशा वेळी घरचं जातं पायवाटेत उताणं पडलेलं आणि वऱ्हाडी त्यावरून चपला घालून ये-जा करणारे. शेजारच्या आजीबाईंचं जातं मागून आणावं लागतं, आणि त्या द्यायच्या आधी जे बोलायचं ते बोलून घेतात.

आजीबाईंचं बोलणं चुकीचं नसतं. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरींच्या ओव्या जात्याच्या आणि शेताच्या कामातच जुळल्या. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या एक लाखावर गेली. ज्या दगडापाशी बसून एवढं म्हटलं गेलं, तो कुंडीशेजारी सुटा ठेवावा. वरची तळी उचलता यावी, खुंटा जपून ठेवावा. टाकी लावणारा पाथरवट आता सहज मिळत नाही, म्हणून दळणाची बाजू निदान उन्हापावसाकडे आणि चपलांकडे करू नये.

शेवटी पाण्याची भांडी. घंगाळात कमळ, परातीत पाखरांसाठी पाणी, दोन्ही उत्तम. पण डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी असतानाही महिनोन्महिने टिकतात, म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही. आठवड्यातून एकदा कड घासावी लागते. घंगाळात गप्पी मासे सोडले तर कमळही राहतं आणि अळ्याही राहत नाहीत. टायरच्या आतल्या खोबणीत हात पोचत नाही आणि मासाही टिकत नाही. त्यामुळे लाल-पिवळे रंगवलेले टायर बागेत आणूच नयेत. ते कोणत्याही रंगात वाईटच दिसतात.