जंगलात गेलीच कशाला?

मैत्रिणींनो, गेल्या उन्हाळ्यात मी ताडोबाला जाऊन आले. कामाला नव्हे, चक्क सहलीला. कॉलेजातल्या आम्ही चौघी, कितीतरी आधी केलेलं बुकिंग, मोहर्लीचं गेट, पहाटेची जिप्सी. एरवी चंद्रपूर जिल्ह्यात बचत गटांच्या बैठकांना जाते तेव्हा एसटीच्या खिडकीतून जंगल बघते. या वेळी तिकीट काढून आत गेले.

वाघीण दिसली. खोटं कशाला सांगू, अंगावर काटा आला. पाणवठ्यात निवांत बसली होती, आमच्याकडे ढुंकूनही पाहत नव्हती. शेजारच्या गाडीतल्या गृहस्थांना तिचं नाव, तिच्या आईचं नाव, कितव्या खेपेला किती बछडे झाले आणि त्यातले किती जगले, सगळं तोंडपाठ होतं.

परतताना, गेटच्या बाहेर, बफरमधल्या रस्त्यावर बायांची रांग दिसली. डोक्यावर तेंदूपत्त्याची गाठोडी, कमरेला पाण्याची बाटली. आम्ही उठलो त्याच वेळेला त्याही उठल्या होत्या, त्याच जंगलात गेल्या होत्या. फक्त पायी. माझी मैत्रीण कळवळून म्हणाली, “अगं, इतके वाघ आहेत इथे, तरी या बायका आत जातातच कशाला?”

ती वाईट मनाची नाही. पण हा प्रश्न माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. पोलीस ठाण्यात, दवाखान्यात, सासरच्या बैठकीत तो मी ऐकत आले आहे. एवढ्या रात्री बाहेर पडलीच कशाला? त्याच्या खोलीवर गेलीच कशाला? हल्ला झाला की आधी बाईनं हिशेब द्यायचा. हल्ला करणारा जनावर असो की माणूस!

तर हिशेब देऊ. तेंदूचा हंगाम मे महिन्यात, जेमतेम पंधरवड्याचा. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांचं एक प्रमाण गोणी. पहाटे वाकून पानं खुडायची, दुपारी सावलीत बसून घरातल्या पोरीबाळींसह पुडे बांधायचे, संध्याकाळी केंद्रावर नेऊन मोजून द्यायचे. खरिपाच्या तोंडावर बियाण्याला, शाळेच्या वह्यांना लागणारा रोख पैसा असा उभा राहतो. त्याआधी मार्च-एप्रिलात मोहफुलं. तीही पहाटेच वेचावी लागतात, कारण फूल रात्रीतून गळतं आणि उशीर केला तर गुरं, हरणं खाऊन जातात. हीच पानं पुढे सोलापूरच्या, सिन्नरच्या विडी कामगार बहिणींच्या सुपात येतात. त्यांच्या संघटना आपल्याला माहीत आहेत, पान तोडणारी मात्र आपल्याही नजरेतून सुटली, हे कबूल करू या.

आणि मे महिना म्हणजे व्याघ्रदर्शनाचाही ‘सीझन’. पाणी आटलेलं, झाडोरा वाळलेला, म्हणून वाघ सहज दिसतो. पर्यटकाला तो सहज दिसतो तेव्हाच वाकलेली बाई वाघाला दिसते. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात मेंढा-मालच्या जंगलात पानं तोडणाऱ्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. हे जंगल ताडोबाच्या गाभ्यातलं नव्हे, शेजारच्या ब्रह्मपुरी वनविभागातलं. वाघाला आपली हद्द कागदावर दाखवता येत नाही.

ताडोबातच २० नोव्हेंबर २०२१ रोजी कोलारा भागात व्याघ्रगणनेच्या कामासाठी पायी निघालेली एक वनरक्षक ‘माया’ वाघिणीच्या हल्ल्यात ठार झाली. ती तर सरकारी कामावर होती, तिला कोण विचारणार गेलीच कशाला म्हणून? पुढे २०२३ मध्ये माया दिसेनाशी झाली तेव्हा देशभर बातम्या आल्या, सापडलेल्या अवशेषांची डीएनए तपासणी झाली, चाहत्यांनी आठवणी लिहिल्या. लिहाव्यात. त्या वनरक्षकाचं नाव मात्र आमच्या जिप्सीतल्या कोणालाच ठाऊक नव्हतं. मीही ते इथे लिहीत नाही, घरच्यांना विचारल्याशिवाय लिहिण्याचा मला हक्क नाही.

ताडोबा हे नावच तारू या गोंडांच्या देवाचं. लोककथा सांगते की तो गावचा प्रमुख होता आणि वाघाशी झुंजताना मेला. तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे. पुरुष वाघापुढे मेला तर देव होतो, बाई मेली तर बेपर्वा ठरते!

एका मृत बाईच्या नवऱ्यासोबत मी भरपाईच्या कागदांसाठी एका कार्यालयात गेले होते. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस गेलं तर राज्यात वारसांना २५ लाख मिळतात, रक्कम लहान नाही. साहेबांनी विचारलं, “आत कशासाठी गेली होती?” तो म्हणाला, “का करावं साहेब, पोटासाठी जावं लागते.” साहेब म्हणाले, “तसं नाही चालत. नेमकं कारण सांगा.” आम्हाला जिप्सीत बसताना नेमकं कारण कोणी विचारलं नव्हतं. आमच्याकडे पावती होती, आणि ‘मौज’ हे कारण पावतीवर चालतं.

आमचे पर्यावरणवादी मित्र लगेच म्हणतील, म्हणजे तुम्हाला वाघ नको आहे. अजिबात नाही. त्या बायांनाही वाघ नको आहे असं मी कधी ऐकलं नाही. त्यांचं म्हणणं वेगळं आहे. गाभा सव्वासहाशे चौरस किलोमीटरचा, त्याभोवती अकराशेचा बफर, आणि बफरमध्ये गावं. जिप्सीतल्या सहा जणांसोबत एक गाइड सक्तीचा असतो, खाली पाय ठेवायला बंदी असते. पन्नास बाया पानं तोडायला जातात तेव्हा त्यांच्यासोबत कोण असतं? आदल्या रात्री वाघ कुठे होता हे सफारीच्या गाडीवाल्यांना पहाटेच कळतं, ते गावातल्या बाईला का कळू नये?

२००६ च्या वनहक्क कायद्याने तेंदू, मोह या गौण वनोपजावर मालकी दिली आहे. तेव्हा ती बाई घुसखोर नाही, मालकीण आहे. गटांच्या कार्यकर्त्यांनी मार्चच्या आत आपापल्या ग्रामसभेत ठराव आणावा: पानतोडीच्या दिवसांत प्रत्येक टोळीसोबत वनमजुरांचं पथक हवं, वाघाच्या हालचालीची खबर रात्रीच गावात दवंडीने मिळावी, गेटच्या उत्पन्नातला गावाचा वाटा कुठे खर्च झाला ते ग्रामसभेत वाचून दाखवावं. ठरावाची पोच घ्यायला विसरू नका. आणि तो मांडायला बायांनीच उभं राहावं, सरपंचांच्या मिस्टरांनी नव्हे.