भय किरणांचे की सुरीचे?

भाईंदर पूर्वेला रविवारी सकाळी चिकनच्या एखाद्या दुकानासमोर पाच मिनिटे उभे राहून पाहा. पिंजऱ्यातली कोंबडी काट्यावर चढते, आत जाते आणि थोड्याच वेळात तिचे तुकडे पिशवीतून गिऱ्हाइकाच्या हाती येतात. गिऱ्हाईक समाधानाने म्हणते, "डोळ्यांदेखत कापलेली, अगदी ताजी!" ताजी हे खरे, पण निर्धोक? त्याच ओंडक्यावर सकाळपासून कितीतरी कोंबड्या कापल्या गेलेल्या असतात. त्यांतील एकीच्याही आतड्यातले साल्मोनेला किंवा कॅम्पिलोबॅक्टर हे जीवाणू सुरीला लागले, तर पुढच्या पिशव्यांतही ते जाऊ शकतात.

या जीवाणूंमुळे उलट्या, जुलाब व ताप येतो. लहान मुलांना आणि वृद्धांना तर तो जिवावरही बेततो. आपल्याकडच्या उष्ण, दमट हवेत जीवाणूंची चंगळ असते. एक जीवाणू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतो असे धरा आणि चार तासांचा हिशेब वहीत मांडा. बारा वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे ४,०९६!

मांसमासळी टिकवण्याची युक्ती आपल्या भागाला नवी नाही. भाईंदरची मिठागरे आणि उत्तनच्या किनाऱ्यावर वाळणारे बोंबील हेच सांगतात. मीठ किंवा ऊन पदार्थातले पाणी काढून घेते आणि जीवाणूंची वाढ थांबते. पण असा पदार्थ ताजा राहत नाही. उष्णतेने जीवाणू मारावेत, तर मांस शिजते. मग कच्चे मांस कच्चेच ठेवून त्यातले जीवाणू मारायचे कसे?

याचे उत्तर गॅमा किरणांत आहे. कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी मूलद्रव्यातून निघणारे हे किरण बंद वेष्टनातूनही आरपार जातात आणि जीवाणूंच्या पेशीतील डीएनएचे धागे तोडतात. असा जीवाणू पुन्हा विभागू शकत नाही. चिकनसाठी दीड ते तीन किलोग्रे एवढी मात्रा बहुधा पुरते. एक किलोग्रे म्हणजे दर किलोग्रॅममागे एक हजार ज्यूल ऊर्जा. तीन किलोग्रेने मांसाचे तापमान एक अंशानेही वाढत नाही! मुख्य म्हणजे पाकीट आधीच बंद असल्याने नवे जीवाणू आत शिरत नाहीत.

"पण मग ते मांसच किरणोत्सर्गी होईल ना?" ही शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर 'नाही' असे आहे. कोबाल्ट-६०च्या किरणांची ऊर्जा १.१७ व १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. अन्नातील अणूंची केंद्रके बदलायला ती अपुरी पडते. छातीचा एक्स-रे काढलेला माणूस घरी आल्यावर किरण फेकत बसत नाही, तसेच हे. दहा किलोग्रेपर्यंतच्या मात्रेने अन्न विषारी होत नाही, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने १९८० सालीच दिला. अमेरिकेने १९९० मध्ये, तर भारताने १९९८ मध्ये चिकनसाठी या पद्धतीला परवानगी दिली.

हे तंत्र आपल्याला परकेही नाही. मुंबईतच ट्रॉम्बे येथे भाभा अणुसंशोधन केंद्रात यावर कित्येक वर्षे संशोधन झाले आहे. वैद्यकीय साहित्य किरणांनी निर्जंतुक करणारा प्रकल्प तेथे १९७४ साली सुरू झाला. नाशिक जिल्ह्यात लासलगावला २००२ पासून कांद्यावर किरणप्रक्रिया होऊ लागली. जखमेवर बांधायला आपण किरण दिलेली पट्टी चालवून घेतो. तरी असे चिकन मात्र बाजारात सहसा दिसत नाही. याला 'किरण' या शब्दाची धास्ती बरीचशी कारण आहे, असे मला वाटते.

तरीही या पद्धतीच्या मर्यादा झाकून ठेवू नयेत. काही जीवाणूंचे बीजाणू या मात्रेला दाद देत नाहीत. म्हणून किरण दिलेले चिकनही बर्फाच्या थंडीतच ठेवावे लागते. तेथे ते एरवीपेक्षा दुपटीच्या आसपास दिवस टिकते. मांसात आधीच तयार झालेले विष किरणांनी जात नाही. ब-१ जीवनसत्त्व थोडे घटते. म्हणजेच, घाणेरड्या कत्तलखान्याचे पाप किरणांनी धुऊन निघणार नाही.

म्हणून माझे मत असे: बंद पाकिटातून विकल्या जाणाऱ्या चिकनवर किरणप्रक्रिया जरूर व्हावी, मात्र स्वच्छतेच्या जोडीने, तिच्याऐवजी नव्हे. पाकिटावर तसा स्पष्ट उल्लेख असावा आणि घ्यायचे की नाही हे गिऱ्हाइकाने ठरवावे. पण ते भीतीने नव्हे, माहितीने.

आणि तोवर? ओंडक्यासमोरच्या रांगेत उभे राहणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी जुनाच उपाय खात्रीचा आहे. कच्च्या चिकनची सुरी कोशिंबिरीला लावू नका. हात साबणाने धुवा. मांस आतपर्यंत नीट शिजवा. ७५ अंश सेल्सिअसला हे जीवाणू टिकत नाहीत. पुढच्या रविवारी घरात एवढे जरी पाहिलेत, तरी विज्ञानाचा एक धडा स्वयंपाकघरात पोचला म्हणायचा.