कापसाचे दूरचे अंदाज आणि आमच्या जुन्या वह्या

खानदेशात जिनिंगचे नवे यंत्र घेणारा माणूस पुढच्या कितीतरी हंगामांचा अंदाज मनाशी बांधूनच कर्जाच्या कागदावर सही करतो. धुळ्याचा यंत्रमागवाला आणि गाद्या भरणारा पिंजारी कारागीर यांचेही पोट बऱ्याच अंशी कापसावरच आहे. म्हणून पुढील काळात कापूस किती पिकेल याचे जे अंदाज आता संगणकावर बांधले जातात, ते आमच्या व्यापारी-कारागीर बंधूंनी समजून घेतले पाहिजेत.

पद्धत अशी. रोजचे तापमान, पाऊस, ऊन, जमिनीचा पोत आणि वाण यांची माहिती दिली की संगणक पेरणीपासून वेचणीपर्यंत पिकाची वाढ दिवसागणिक मोजतो. आधी मागच्या वर्षांचे उत्पन्न बरोबर येते का ते ताडून पाहतात, मग पुढच्या हवामानाचे आकडे भरतात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे 'इन्फोक्रॉप' हे असेच एक मॉडेल. ते वापरून केलेला भारतातील कापसाचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. कापूसपट्ट्याचे सरासरी तापमान सुमारे ४ अंशांनी वाढले तर हेक्टरी ४७७ किलो कापूस कमी येईल, असे त्यात निघाले. पण हवेत वाढणारा कार्बन डायऑक्साइड कापसाच्या झाडाला काही अंशी खतासारखा लागू पडतो. तो हिशेबात धरताच ही घट नगण्य ठरली. मध्य व दक्षिण भारतातील कोरडवाहू कापसाला तर फारसा धक्का नाही, झालाच तर थोडा फायदा, असा निष्कर्ष आला.

हे वाचून निश्चिंत होणाऱ्यांना आम्ही सावध करू. हा आकडा सरासरीचा आहे, आणि व्यापारी बुडतो तो एका वर्षाने. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने बीटी कापसाची बोंडे पोखरली. नुसत्या पाऊस-तापमानाच्या हिशेबात ती कुठे दिसली असती? शिवाय जागतिक हवामान मॉडेलची एक चौकट साधारण शंभर किलोमीटर रुंद असते. जळगाव आणि धुळे एकाच चौकटीत बसू शकतात! चोपड्याचा विहिरीच्या पाण्यावरचा पूर्वहंगामी कापूस आणि शिंदखेड्याचा कोरडवाहू कापूस यांत फरक किती, ते दोन्हीकडचा माल घेणाऱ्याला विचारावे. शास्त्रज्ञ ही चौकट बारीक करतात, पण त्यासाठी गावोगावच्या जुन्या नोंदी लागतात.

अशा नोंदी आमच्याच पेढ्यांवर पडून आहेत. कोणत्या गावचा माल कोणत्या तारखेला आला, ओल किती होती, रुईचा उतारा किती पडला, हे जिनिंगवाल्यांच्या वह्यांत वर्षानुवर्षे लिहिलेले असते. संगणक आल्यापासून या वह्या रद्दीत जातात, हे आम्हाला पटत नाही. आमच्या मते भाव आणि नावे झाकून त्या कृषी विद्यापीठाच्या हाती द्याव्यात. बदल्यात सरासरीचा आकडा मागू नये. दहा हंगामांत वाईट हंगाम किती, आणि ते किती वाईट, हे तालुकावार मागावे.