आधी दमसास, मग वेग

आषाढ लागला की मळवली परिसरात पावसाची संततधार सुरू होते. भाजे लेणी आणि लोहगडाकडे जाणारी वाट निसरडी होते, आणि शनिवार-रविवारी त्याच वाटेवर पर्यटकांच्या वाहनांची रांग लागते. पहाटे फिरावयास जाण्याचा नेम या दिवसांत मोडतो. अशा वेळी घरातील ट्रेडमिल हा सोयीचा पर्याय ठरतो. मात्र मोठ्या उत्साहाने आणलेले हे यंत्र काही महिन्यांतच कपडे वाळत घालण्याच्या कामी येते, असेही पुष्कळदा घडते.

व्यापारी वर्गाला या व्यायामाची गरज अधिक आहे. मळवलीजवळच्या कार्ले येथील चैत्यगृहातील शिलालेखात वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे नाव कोरलेले आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या काळात घाटातून माल नेणे म्हणजे कोसच्या कोस चालणे होते. आजचा व्यापारी सकाळपासून रात्रीपर्यंत गल्ल्यावर बसून असतो. देह बसण्याला सरावतो आणि माळ्यावरचा माल काढतानाही धाप लागते.

असा मनुष्य ट्रेडमिलवर उभा राहिला की त्याचे लक्ष प्रथम वेगाच्या आकड्याकडे जाते. पहिल्या आठवड्यात ताशी ६ किलोमीटर, दुसऱ्यात ८, तिसऱ्यात १०. आणि चौथ्या आठवड्यात गुडघा धरून बसणे. व्यापाऱ्याला ही चूक ओळखीची वाटावी. भांडवल थोडे असताना उलाढाल भराभर वाढवली की विक्रीचे आकडे छान दिसतात. पण खेळते भांडवल उधारीत अडकते आणि चालता धंदा अडचणीत येतो.

शरीराचा हिशेबही तसाच आहे. नियमित सरावाने हृदय प्रत्येक ठोक्याला अधिक रक्त पुढे ढकलू लागते, स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्या वाढतात, आणि काही आठवड्यांतच श्वास पुरू लागतो. हाडे आणि स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा यांना मात्र बळकट होण्यास महिने लागतात. श्वास ‘हो’ म्हणतो तेव्हा नडगी आणि टाच तयार नसते. बहुतेक दुखापती या अंतरातच होतात.

म्हणून आरंभ सावकाश करावा. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड, अर्धा तास पुरेसा आहे. पहिली पाच मिनिटे ताशी ४ ते ५ किलोमीटर वेगाने चालावे. नंतर एक मिनिट हलके धावणे आणि दोन मिनिटे चालणे, असे सात वेळा करावे आणि शेवटी सावकाश चालत थांबावे. धावताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. न आल्यास वेग कमी करावा. दर आठवड्याला धावण्याची वेळ थोडी वाढवावी आणि चालण्याची घटवावी, वेगाला हात लावू नये. सुमारे आठ आठवड्यांत वीस मिनिटे न थांबता धावता येणे हे पहिले उद्दिष्ट. कोणास दहा आठवडे लागले तरी बिघडत नाही.

वेगाचा विचार त्यानंतर करावा, तोही आठवड्यातून एकच दिवस. नेहमीच्या वेगाहून ताशी एक किलोमीटर अधिक वेगाने एक मिनिट धावावे, मग दोन मिनिटे चालावे. असे सहा वेळा. उरलेले दोन दिवस पूर्ववत हलकेच धावावे. बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे यांनी २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटे ११.२० सेकंदांत पूर्ण करून रौप्यपदक मिळवले. हा वेग ताशी सुमारे २२ किलोमीटर होतो. दीर्घ पल्ल्याचे नामवंत धावपटूही सरावातील बहुतांश अंतर स्पर्धेच्या वेगापेक्षा पुष्कळ सावकाश धावतात.

चाळिशी उलटलेल्यांनी, तसेच मधुमेह, रक्तदाब किंवा घराण्यात हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. रॉबर्ट ब्रूस या अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ट्रेडमिल तपासणीचा पहिला टप्पा अवघा ताशी २.७ किलोमीटर वेगाचा आहे. चढ मात्र १० टक्के. दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढतो. डॉक्टर इतक्या बेताने पुढे जातात, तेव्हा घरी एकट्याने घाई करण्याचे कारण नाही. छातीत दडपण, चक्कर किंवा डाव्या हातात कळ जाणवल्यास त्वरित थांबावे आणि डॉक्टरांना गाठावे. सुरक्षेची दोरी कपड्याला अडकवावी, आणि यंत्राची किल्ली मुलांच्या हाती लागू देऊ नये.

चौविहार पाळणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सूर्यास्तापासून पाण्याचा थेंबही घेतलेला नसताना पहाटे धावणे शरीराला ताण देते. नवकारशीची वेळ झाल्यावर पाणी घेऊन, थोड्या वेळाने धावावे. अथवा सायंकाळी अशा वेळी धावावे की सूर्यास्तापूर्वी पाणी आणि भोजन होईल. उपवासाच्या दिवशी विश्रांती घ्यावी. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी व्रताच्या दिवसांविषयी डॉक्टरांना आधीच विचारावे.

प्रगती वेगाच्या आकड्यावर मोजू नये. महिन्यातून एकदा ठरावीक वेगाने दहा मिनिटे धावावे, थांबताच नाडीचे ठोके मोजावेत आणि तारखेसह वहीत लिहावेत. त्याच वेगाला ठोके कमी होत गेले, म्हणजे भांडवल वाढले. आषाढात आरंभ केला तर दिवाळीच्या वहीपूजनापर्यंत सुमारे सोळा आठवडे हाती येतात. निम्मे दमसासासाठी, निम्मे वेगासाठी. तोवर पाऊसही ओसरलेला असतो आणि लोहगडाच्या पायऱ्या मोकळ्या झालेल्या असतात.