उपयोग काय, असं मला कुणी विचारलं नव्हतं



माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा एकवीस वर्षांचा आहे. त्याला डाऊन सिंड्रोम आहे. अठराव्या वर्षी विशेष शाळा संपली, तेव्हापासून तो घरीच. जूनमध्ये आम्ही दोघी त्याला घेऊन एका अनुदानित कॉलेजात गेलो. पदवी नको, एक-दोन तासांना वर्गात बसू द्या, एवढंच मागणं. खिडकीतल्या बाईंनी बारावीचा निकाल मागितला. नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "मग कशाला जागा अडवता? त्याला उपयोग काय?"

उपयोग! मी बी.कॉम. झाले आणि सहा महिन्यांत लग्न होऊन स्वयंपाकघरात आले. चाळीस वर्षं हिशेब लिहिले ते दूध आणि किराण्याचे. माझी जागा वाया गेली असं कुणी म्हटलं नाही. उलट सासूबाई 'सून शिकलेली आहे' म्हणून मिरवायच्या. कॉलेजनं मला नोकरी दिली नाही. एकटीनं बसनं जाणं, मैत्रिणी, चारचौघांत बोलायचं धाडस दिलं. भाच्याला नेमकं तेच हवंय.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखल्या आहेत. बौद्धिक दिव्यांगत्व त्यात येतं. पण दाराला बारावीचं कुलूप! वहीत जमा दाखवायची आणि हातात काही द्यायचं नाही, याला काय म्हणतात ते कॉमर्सवालीला ठाऊक आहे.

म्हणे दर्जा घसरेल. पदवी मागतंय कोण? एक-दोन विषय, सोबतीला एखादा वर्गमित्र आणि जेवढं शिकला तेवढ्याचंच प्रमाणपत्र. अमेरिकेत २००८ च्या कायद्यानं अशा मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांतल्या मुलांना सरकारी अर्थसाहाय्य खुलं केलं, तेही नेहमीच्या शालान्त प्रमाणपत्राची अट न घालता. आपण कर्ज काढून मुलं पाठवतो त्याच देशात!

एका ओळखीच्यांनी विशेष शाळेला देणगी देऊ केली. त्यांचे आभार. पण आम्हाला देणगी नको, वर्गात बाक हवा.

आपल्यापैकी कितीतरी जणींचे यजमान शिक्षणसंस्थांवर विश्वस्त आहेत. पुढच्या बैठकीत हा विषय घ्यायला लावा. त्यांनी "उपयोग काय?" विचारलं, तर कपाटातून आपली स्वतःची पदवी काढून त्यांच्यापुढे ठेवा.